पंचाचं नाक

४ फेब्रुवारी २०२४

दूध संघाचे चेअरमन जालिंदरआबा आज घरी आले. बरोबर सटवा होता. सटवा म्हणजे संघाच्या केंद्रावर दुधाची फॅट मोजणारा. गावाच्या दुधात पाणी शोधतो आणि स्वतःचं दूध न मोजता ओततो. अशा माणसाला मी खुर्ची दिली नाही, तो आपणहून बसला.

संघाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पंचवीस तारखेला गावात शंकरपट आहे. विहिरी कोरड्या, जनावरं वाळलेल्या काड्या चघळतायत, आणि यांना बैल पळवायचेत. मी माईकवर निवेदन करावं, अशी विनंती घेऊन आबा आले होते. चौतीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो, तालुक्यात माझ्यासारखा आवाज दुसरा नाही.

मी त्यांना १९९४ च्या पटाची गोष्ट सांगायला घेतली. आमच्या गावची पद्धत अशी, की शेवटच्या फेरीआधी पंच बैलांच्या तोंडाचा वास घेतो. दारू पाजलेली निघाली तर जोडी बाद. पंचाच्या शब्दावर अपील नाही. त्या वर्षी पाटोद्याची जोडी मी दहा पावलांवरून ओळखली होती. मालकानं वर गूळ चारला होता, वेलची चारली होती. माझ्या नाकापुढं काही चाललं नाही. आजही लोक नाव काढतात.

गोष्ट ऐन रंगात आली असताना वत्सला मागच्या अंगणातून धावत आली आणि ओरडली, "अहो, दूध करपलं की सगळं! पातेलं काळं ठिक्कर पडलंय. तुमी हितं दोन हातावर बसलेले, कळलं कसं न्हाई?" चाळीस वर्षं झाली लग्नाला, पण पाहुण्यांदेखत कसं बोलावं हे बाईला अजून कळत नाही. मी तिला सर्दीचं कारण सांगितलं.

आबा एकदा स्वयंपाकघराकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. नजरेत आदर होता. म्हणाले, "सर, माईकवर कुणीबी बोलंल. यंदा मुख्य पंच तुमीच. वास घ्यायचं काम दुसऱ्या कुणाचं न्हाई." सटवानं मान खाली घातली. मत्सर, दुसरं काय.

७ फेब्रुवारी

पहिलं बक्षीस जाहीर झालं. रोख नाही, ढाल नाही. पाच ट्रॉल्या कडबा. हा कडबा संघानं सभासदांना वाटायला म्हणून आणला होता. आता तो बक्षीस झाला आणि त्यावर आबांच्या फोटोचा फलक लागला. एकानंही विचारलं नाही, की आमच्या वाट्याचा कडबा तुम्ही बक्षिसाला कसा लावता. मेंढरं बरी म्हणायची.

संघाचा चारा मिळतो तो फक्त दुभत्या जनावरांना. बौद्ध वस्तीतला आश्रुबा परवा केंद्रावर गेला होता, तर सटवानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तुझे बैल किती लिटर देतेत बे?" लोक हसले. मला विनोद हलका वाटला, पण हसू आलं.

आश्रुबाजवळ पाखऱ्या आणि बिजल्या अशी एक जोडी आहे. घरचा कडबा महिनाअखेर संपतो. पट जिंकला तर पावसाळ्यापर्यंत बैल दावणीला राहतील, नाहीतर नेकनूरच्या बाजारात जातील. हे त्यानं स्वतः मला पारावर सांगितलं. मी म्हटलं, बघू.

११ फेब्रुवारी

आज माळावर आश्रुबाच्या जोडीचा सराव बघितला. बैल काटक आहेत, उंची बेताची. कासऱ्याला हात लागताच सुटतात आणि खुणेच्या दगडापाशी आपोआप थांबतात. आश्रुबा त्यांना आवाजानंच पळवतो. हातात काठीसुद्धा नाही. जोडी चांगली पळते, हे मान्य करायला हवं.

पण मला शंका आली. अर्धपोटी जनावर असं पळेल कसं? मी जातपात मानत नाही. १४ एप्रिलला दरवर्षी वस्तीत माझं भाषण असतं, हार घेतो, चहासुद्धा घेतो. तरी पटाचे बैल ठेवायला घराण्यात परंपरा लागते. ती एका पिढीत येत नाही. ही माझी क्रीडाशिक्षक म्हणून निरीक्षणं आहेत.

आश्रुबाची पोरगी मनकर्णा तिथंच होती. माझी विद्यार्थिनी. आता गावची आशाताई आहे, गोळ्या आणि रजिस्टर घेऊन दारोदार फिरते. कोरोनात आमच्या घरी रोज यायची. मला बघून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, नाक कसं हाय आता?"

मी म्हटलं, "नाकाला काय झालंय? सर्दी आहे."

"तीन वर्सं झाली की सर. बीडला दाखवून या म्हटलं हुतं म्या."

मोठ्या माणसाच्या नाकाची चौकशी करायची ही पद्धत नाही. मी पाठ फिरवून आलो. सर्दी जुनी आहे खरी. पाऊस पडून हवा बदलली की जाईल. पाऊसच पडत नाही त्याला मी काय करू?

१२ फेब्रुवारी

वत्सला भजनाला गेली होती. कांदा चिरला. डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे नाक चालू आहे. मग रॉकेलची जुनी बाटली उघडली. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या घेतल्या. उदबत्ती लावली, धूर अगदी नाकात घेतला. खोकला आला.

वास आला असं म्हणता येणार नाही. आला नाही असंही म्हणता येणार नाही. वारा उलट्या दिशेचा होता.

खोटं कशाला लिहू, वही माझीच आहे. काही आलं नाही.

पण हे आबांना सांगायचं म्हणजे काय? पत्रिका छापून आल्या आहेत. माझ्या नावापुढं 'मुख्य पंच' असं लाल अक्षरात आहे. आणि दारू पाजलेला बैल नुसता वासानं कळतो असं थोडंच आहे? डोळे असतात, चाल असते. माझा अनुभव आहे.

२० फेब्रुवारी

आजकाल पटाला सरकारी परवानगी लागते, प्रत्येक बैलाला डॉक्टरांचा दाखला लागतो. डॉक्टर आज संघाच्या कार्यालयात आले, आबांच्या केबिनमध्ये मटण खाल्लं आणि एकाही बैलाला हात न लावता बावीस जोड्यांचे दाखले सही करून दिले. बैल आपापल्या गोठ्यात होते. काही दाखल्यांवर बैलाचा रंगसुद्धा चुकला आहे.

असे दाखले पाहिले की मला शिसारी येते. नाही म्हणायला १९९६ साली धोंडीरामला चौदा वर्षांखालच्या गटात पळवायला त्याच्या सोळाचं तेरा मीच केलं होतं, पण ते शाळेच्या नावासाठी होतं. ढाल अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. मुलाचं भलंच झालं, पोलिसात लागला.

मी आबांना म्हटलं, "दारूचं मी बघतो. पण इंजेक्शनं टोचतात म्हणे हल्ली, त्याचं कोण बघणार?"

सटवा मध्येच बोलला, "सर, इंजेक्शनला वास नसतो." आणि दोघंही हसले. मीही हसलो.

२५ फेब्रुवारी

सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी आठला पट सुरू झाला. पाच-सहा हजार माणूस. प्यायला पाणी नाही म्हणून मोर्चे काढणारी गावं इथं मात्र ट्रॅक्टर भरभरून आली होती. धुळीनं माणसं ओळखू येत नव्हती. माझ्या डोक्याला फेटा, छातीला बिल्ला. लोक वाकून नमस्कार करत होते.

दुपारपर्यंत दोन जोड्या उरल्या. आश्रुबाची पाखऱ्या-बिजल्या, साडेबारा सेकंद. आबांची वादळ-सुलतान, तेरा. आबांची जोडी सांगलीकडून आणलेली, अंगानं दुप्पट, पण अर्ध्या सेकंदानं मागं पडली. आबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ज्या माणसापुढं गाव वाकतं त्याला आश्रुबानं मागं टाकलं, याची मला थोडी गंमतही वाटली.

शेवटच्या फेरीआधी पद्धतीप्रमाणे मी वास घ्यायला उतरलो. आधी आबांची जोडी. वादळच्या मानेवर घाम नव्हता पण कातडी थरथरत होती. डोळे लाल, तोंडाला फेस. सुलतान जागच्या जागी खूर आपटत होता. मानेखाली ओला डाग होता, माशा बसत होत्या. मी विचारलं तर सटवा म्हणाला, "गोचीड काढलाय सर." मी तोंडाजवळ नाक नेलं. काही नाही. मी हात वर केला, जोडी पास. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग आश्रुबाची. पाखऱ्या गरीब गाईसारखा उभा होता. मी वाकलो. त्याचा गरम श्वास तोंडावर आला. वास काही आला नाही. चांगला नाही, वाईट नाही, कडब्याचासुद्धा नाही. उभा राहून हात वर करणार, तेवढ्यात सटवा माझ्या खांद्याशी आला आणि माईकवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, मला हितून येतोय. देशीचा हाय. तुमाला येत न्हाई?"

आबा स्टेजवरून म्हणाले, "सरांच्या नाकाला विचारा. सरांचा शब्द आखरी."

मी पुन्हा वाकलो. खोल श्वास घेतला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. याला वास येतोय म्हणजे वास असणार, आणि मला येत नाही हे आता सहा हजार लोकांना कळणार.

मनकर्णा बैलाच्या दुसऱ्या बाजूला कासरा धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. फक्त मला ऐकू येईल इतकंच बोलली. "सर, नक्की येतोय का? खरं सांगा."

ती असं बोलली नसती तर कदाचित मी निराळं बोललो असतो. कालची पोरगी मला खरं शिकवणार? माझं डोकं फिरलं. मी ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, "येतोय. दारू आहे. जोडी बाद."

आश्रुबा धावत आला. "सर, आवो कावून खोटं बोलताय? म्या पंचशील पाळतो सर, आमच्या घरात तंबाकूबी न्हाई! तुमीच बघा, दुसऱ्या कुणाला बगू द्या!" त्यानं स्वतःचं नाक बैलाच्या तोंडाला लावलं, आजूबाजूच्यांचे हात धरून ओढू लागला. कुणी पुढं आलं नाही. पंचाच्या शब्दावर अपील नाही. मग त्यानं माझे पाय धरले. त्याच्या वयाच्या माणसानं पाय धरलेले मला आवडत नाहीत. मी पाय मागं घेतले.

मनकर्णानं बापाला उठवलं. मला वाटलं आता ही बोलणार. हिला सगळं ठाऊक आहे, हिनंच ते रजिस्टरात लिहून घेतलं होतं. तिनं बैल सोडले आणि गर्दीतून घेऊन गेली.

आबांची जोडी एकटीच पळाली. अकरा सेकंद. खुणेच्या दगडाशी थांबलीच नाही. बाभळीच्या कुंपणात घुसली, हाकणारा पडला, हात मोडला. लोक म्हणाले, काय ताकद आहे.

२६ फेब्रुवारी

पेपरात फोटो आला. 'पंचांच्या चाणाक्ष नाकामुळे गैरप्रकार उघड'. शाल-श्रीफळ मिळालं. आबांनी आमच्या गाईसाठी कडब्याच्या शंभर पेंढ्या पाठवल्या. हा मान आहे, नाकारणं बरं दिसलं नसतं.

वत्सलानं पेंढ्या उतरवून घेतल्या नाहीत. ट्रॅक्टरवाल्यानं दारात टाकल्या. ती मला एवढंच म्हणाली, "सकाळी दूध नासलं हुतं. तुमी त्याचाच चहा पिला."

सुलतान उठत नाही असं कळलं. मान टाकून पडला आहे. डॉक्टर येऊन गेले. ऊन लागलं म्हणतात. फेब्रुवारीत.

१ मार्च

मनकर्णा आली होती. बीपीच्या गोळ्यांची फेरी होती. दार लावून घ्यावं असं वाटलं, पण वत्सलानं आधीच तिला पाट दिला होता.

तिनं पट्टा बांधला, बीपी बघितलं, वहीत लिहिलं. जरा वाढलंय म्हणाली. मीठ कमी करा म्हणाली. पटाबद्दल एक अक्षर नाही. मला ते सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर मी चार शब्द सुनावले असते, माझी तयारी होती.

वत्सला आत गेल्यावर मी विचारलं, "तुला माहीत होतं ना? मग तिथं बोलली का नाहीस?"

तिनं वही पिशवीत घातली. म्हणाली, "सर, रजिस्टरातलं चव्हाट्यावर सांगत न्हाईत. आमाला ट्रेनिंगमधी पहिल्याच दिवशी सांगितलंय. पेशंटचं ते पेशंटचं."

"पण बैल तुझ्या बापाचे होते."

"म्हणून तर," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या बैलासाठी न्हाई सांगितलं असतं, मग सोताच्या कसं सांगू? मला वाटलं तुमीच सांगसाल. शाळेत तुमी लई सांगायचा. हारलं तरी चालंल, लबाडी न्हाई करायची. मी पडले हुते बघा दोनशे मीटरला, तवा तुमी मला सोता उचलून आणलं हुतं."

मला आठवलं नाही. शेकडो मुली पडल्या असतील.

जाताना म्हणाली, "पाखऱ्या-बिजल्याला परवा नेकनूरला नेतोत. कडबा संपला." आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या टेबलावर ठेवून गेली. कोणती कधी घ्यायची ते वर पेनानं लिहिलं होतं.

३ मार्च

नेकनूरला गेलो होतो. का गेलो ते माहीत नाही. खिशात बँकेतून काढलेले पैसे होते. जोडी मी घ्यावी आणि पुन्हा आश्रुबाच्या दावणीला बांधावी असं काहीसं डोक्यात होतं. बाजार जनावरांनी भरलेला आणि घेणारा कुणी नाही. हाडाचे सापळे ओळीनं उभे. जाईन तिकडं शेण आणि लोक नाकाला रुमाल लावून फिरत होते. मी मोकळा फिरत होतो.

आश्रुबा सापडला तेव्हा दावं त्याच्या हातात नव्हतं. जोडी विकून झाली होती. घेणारा सटवा. टेम्पोत चढवत होता. मला बघून म्हणाला, "आबांचा सुलतान मेला की सर. जोडी मोडली. म्हून आबा म्हणले, तीच घे, अर्ध्यात येतेत. लई दिवसांपास्नं नजर हुती त्यांची ह्या जोडीवर."

मी म्हटलं, "ही तर दारू पाजलेली जोडी."

सटवा हसला. "जाऊ द्या ना सर आता."

पाखऱ्या टेम्पोत चढेना. आश्रुबानं जवळ जाऊन नुसता आवाज दिला, तसा चढला. आश्रुबानं मला पाहिलं होतं. रामराम घातला नाही, जयभीमही नाही. पहिल्यांदाच असं झालं.

५ मार्च

आज सकाळी सातला संघाच्या केंद्रावर गेलो. ती वेळ सगळं गाव दूध घालायला येण्याची. आबा ओट्यावर बसले होते. शेजारच्या शेडमध्ये पाखऱ्या-बिजल्या बांधले होते, पुढ्यात बक्षिसाचा कडबा.

मी किटल्यांच्या रांगेपुढं उभा राहिलो. चौतीस वर्षं मैदानावर ज्या आवाजानं शिट्टीशिवाय मुलं थांबवली, त्या आवाजात बोलायला गेलो, पण तो निघाला नाही. तरी ऐकू गेलं. म्हटलं, "मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. कोरोनात गेला. आश्रुबाच्या बैलांना दारू नव्हती. मी खोटं बोललो."

मला वाटलं होतं गलका होईल. लोक माझ्यावर धावून येतील, नाहीतर आबांवर. कुणी हललं नाही. रांगेतल्या केशरबाईनं किटली पुढं सरकवली. मागून एकजण म्हणाला, "सर, व्हा बाजूला, दूध नासंल."

आबा हसले, मोकळं हसले. "बसा सर. आवो, आमाला त्याच दिवशी कळलं हुतं. तुमच्या घरात दूध करपलं, धूर पार पडवीत आलता, सटवाला ठसका लागला, आन् तुमी मला नाकाची गोष्ट सांगत हुता. दहा पावलांवरून म्हणे!" रांगेतले दोघंतिघं हसले. "म्हून तर तुमाला केलं पंच. पुढल्या वर्षीबी तुमीच. ही जोडी पळवू आपण. काय ताकदीचं इंजेक्शन लागंल ते सटवा बगंल, तुमी नुस्तं वाकायचं."

मी आजवर ह्या वहीत गावाला मेंढरं म्हटलं, सटवाला चोर म्हटलं, डॉक्टरला खादाड म्हटलं. मागची पानं आज वाचली. सगळं खरं आहे. फक्त यादीत एक नाव नव्हतं, आणि बाकीचे सगळे मिळून जे करू शकले नसते ते त्या माणसानं एकट्यानं केलं. वाकून, फेटा सांभाळत. थू त्याच्या जिनगानीवर.

तिथून वस्तीत गेलो. आश्रुबाच्या दारातली दावण रिकामी होती, झाडून घेतलेली. आश्रुबा आत होता, बाहेर आला नाही. मनकर्णा कुठंतरी फेरीला निघाली होती, पिशवी खांद्याला. मी तिला सांगितलं, की केंद्रावर सगळ्यांसमोर बोलून आलो.

"बरं झालं," ती म्हणाली. मग विचारलं, "गोळ्या घेताय का येळंवर?"

घेतो म्हटलं. ती पुढच्या घरी गेली.

घरी आल्यावर आबांच्या पेंढ्या हातगाड्यावर भरून संघाच्या शेडपुढं टाकून आलो. चार खेपा झाल्या. त्या पाखऱ्या-बिजल्याच खातील, एवढं तरी.

संध्याकाळी वत्सलानं गॅसवर दूध ठेवलं आणि मला हाक मारली. "हितं बसा," म्हणाली. "बघत ऱ्हावा. वर आलं की बंद करायचं. नाकावर न्हाई, डोळ्यांनी."

मी पाट घेऊन बसलो. ती पाणी भरायला टँकरवर गेली. दूध वर आलं, तसा मी गॅस बंद केला.